नकाराधिकार : ढाल की अडसर?

१८ डिसेंबर १९६१ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीची तातडीची बैठक भरली होती. भारतीय सैन्य नुकतेच गोव्याच्या सीमा ओलांडून आत शिरले होते. युद्ध तत्काळ थांबवावे व भारताने आपले सैन्य मागे घ्यावे, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी मांडला. समितीचे सभासद त्या वेळी ११ होते. ठरावास ७ मते अनुकूल पडली, ४ प्रतिकूल. तेव्हाच्या नियमानुसार ७ मते पुरेशी होती. तरीही ठराव बारगळला. कारण सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांच्या जोडीला चौथे प्रतिकूल मत सोव्हिएत रशियाचे होते. दुसऱ्याच दिवशी गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने शरणागती पत्करली. गोमंतकाच्या मुक्तीला त्या दिवशी जी ढाल लाभली, तिचेच नाव नकाराधिकार, अर्थात व्हेटो.

हा अधिकार नेमका काय आहे? राष्ट्रसंघाच्या सनदेतील २७ व्या कलमात त्याचे मूळ आहे. अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन व फ्रान्स हे समितीचे पाच कायम सभासद. १९६५ पासून एकूण सभासद १५ असून ठराव संमत होण्यास ९ मते लागतात. मात्र या पाचांपैकी एकाने जरी विरोधी मत दिले, तरी उरलेल्या चौदांच्या संमतीला काही किंमत राहत नाही. केवळ कामकाजाच्या पद्धतीविषयीच्या प्रश्नांना हा नियम लागू नाही.

समानतेची भाषा बोलणाऱ्या संस्थेत ही विषमता का आली? याचे उत्तर जुन्या राष्ट्रसंघाच्या अनुभवात सापडते. अमेरिका त्या संघात कधी आलीच नाही; जपान व जर्मनी १९३३ मध्ये आणि इटली १९३७ मध्ये बाहेर पडले. बलाढ्य राष्ट्रे ज्या सभेला पाठ फिरवतात, त्या सभेचे निर्णय कागदावरच राहतात. म्हणून १९४५ साली सनद लिहिताना मोठ्यांना घरात ठेवण्यासाठी हा विशेषाधिकार देण्यात आला. तो न्यायाचा नियम नव्हे. ती सामर्थ्यापुढे केलेली तडजोड होय.

या तडजोडीची किंमत मात्र बहुधा दुर्बळांना मोजावी लागते. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावास ११ मते मिळाली. खुद्द आक्रमक रशियानेच तो हाणून पाडला. ८ डिसेंबर २०२३ रोजी गाझामध्ये युद्धविराम मागणाऱ्या ठरावास १३ मते मिळाली. तो अमेरिकेने अडवला. आरोपीने, अथवा आरोपीच्या मित्राने, न्यायासनावर बसावे, असाच हा प्रकार झाला.

यावर उपायच नाही असे मात्र नाही. १९५० च्या एका ठरावान्वये, समिती कुंठित झाल्यास आमसभेचे तातडीचे अधिवेशन बोलावता येते. १९५६ मध्ये सुएझ प्रकरणी ब्रिटन व फ्रान्स यांनी नकाराधिकार वापरताच हाच मार्ग अवलंबिला गेला आणि त्यातूनच राष्ट्रसंघाची शांतिसेना उभी राहिली. तिच्यात भारतीय जवानही होते. एप्रिल २०२२ पासून आणखी एक प्रघात पडला आहे : कोणीही नकाराधिकार वापरला की दहा कामाच्या दिवसांत आमसभा त्यावर चर्चेसाठी बसते. आमसभेचे असे ठराव कायद्याने बंधनकारक नसतात, पण त्यांमुळे कोण कोठे उभा आहे हे जगाला दिसते. १२ डिसेंबर २०२३ रोजी गाझातील युद्धविरामाच्या बाजूने १५३ राष्ट्रांनी मत दिले. त्यांत भारतही होता. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनविषयीच्या ठरावावर मात्र तो तटस्थ राहिला होता.

भारताची स्थिती येथे नाजूक आहे. सुरक्षा समितीत कायमची जागा मिळावी, अशी त्याची मागणी आहे. परंतु सनदेत बदल करावयाचा तर दोनतृतीयांश राष्ट्रांबरोबरच पाचही कायम सभासदांची मान्यता लागते. म्हणजे नकाराधिकाराच्या दुरुस्तीची किल्लीही नकाराधिकारवाल्यांच्याच कमरेला आहे.

ज्यांचे रक्षण झाले त्यांना हा अधिकार ढाल वाटतो. ज्यांची हाक अडवली गेली त्यांना तो अडसर वाटतो. दोघांचाही अनुभव खरा आहे. १९६१ साली पारतंत्र्यातून सुटणाऱ्या भूमीच्या बाजूने जे एक मत पडले, त्याची कृतज्ञ आठवण भारताने अवश्य ठेवावी. पण प्रत्येक दुर्बळाला असा सामर्थ्यवान मित्र ऐन वेळी लाभतोच असे नाही. न्याय मित्राच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, ही मागणी करण्याचा खरा अधिकार, त्या मर्जीचा लाभ एकदा ज्याला झाला, त्यालाच अधिक आहे.