तीन लाखांची अट, साडेअठरा हजारांचे मालवण

शहरात प्रभाग समिती नेमण्याची घटनात्मक सक्ती (अनुच्छेद 243-एस) 3 लाख लोकसंख्येपासून सुरू होते. 2011च्या जनगणनेत मालवण शहराची लोकसंख्या 18,648 होती, म्हणजे अटीच्या 6.2 टक्के. जिल्ह्याचे चित्रही वेगळे नाही. सिंधुदुर्गातल्या 8,49,651 लोकांपैकी शहरी होते 12.6 टक्के, सुमारे 1 लाख 7 हजार. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, कणकवली अशी सगळी शहरे एकत्र मोजली तरी एकही सक्तीची प्रभाग समिती निघत नाही. शहर वाढेल तेव्हा पाहू, हा युक्तिवादही इथे चालत नाही. 2001मध्ये मालवणात 18,675 लोक होते. दहा वर्षांत 27 घटले, तर जिल्ह्यातले 2.2 टक्के.

शहराची हद्द ओलांडली की हिशेब उलटतो. तारकर्ली किंवा देवबागच्या मतदाराला वर्षातून किमान 4 ग्रामसभांचा कायदेशीर हक्क आहे. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतला कमी आकडा पुरतो. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा विषय तो तिथे स्वतः उभा राहून मांडू शकतो. मालवणच्या बाजारपेठेतला मतदार मात्र नगरपरिषदेच्या सभेत फार तर प्रेक्षक असतो. राज्याने 2009मध्ये शहरांसाठी मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आणली, पण ती घटनेची सक्ती नव्हे.

कुडाळने हा फरक अनुभवला आहे. 2011मध्ये तिथे सुमारे 16 हजार लोक होते आणि कारभार ग्रामपंचायतीचा होता. 2016मध्ये नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली. गाव शहर झाले आणि वर्षाच्या 4 ग्रामसभा शून्यावर आल्या.

मालवणच्या बाजूने एक आकडा आहे. नगरपरिषदेत 20 नगरसेवक, म्हणजे 932 लोकांमागे एक. मुंबईत 227 नगरसेवक आणि 1 कोटी 24 लाख लोक, म्हणजे सुमारे 54,800 मागे एक. मालवणात नगरसेवक मासळी घेतानाही भेटतो. समिती कशाला, असे म्हणणाऱ्यांचा आधार हाच. पण हा आधार नगरसेवक असतील तेवढाच काळ टिकतो. 2021च्या अखेरीस आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढचे मतदान झाले 2 डिसेंबर 2025 रोजी. मधली जवळपास 4 वर्षे प्रशासकाची, म्हणजे 18,648 लोकांमागे शून्य नगरसेवक.

राजकोट किल्ल्यावरचा 35 फुटी शिवपुतळा याच काळातला. अनावरण 4 डिसेंबर 2023, कोसळला 26 ऑगस्ट 2024 रोजी; अंतर 266 दिवसांचे. पुतळा नगरपरिषदेने उभारलेला नव्हता, हे खरे. पण त्याच्या आधी किंवा नंतर प्रश्न विचारायला शहराकडे निवडून आलेले सभागृहही नव्हते.

लोकांना थेट म्हणणे मांडायला उरतो विकास आराखडा. 1966च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार प्रारूप आराखड्यावर कोणीही हरकत घेऊ शकतो. सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तीत नगरपरिषदेचे 3 सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त 4. संचालकांनी चारही जागा भरल्या, तर लोकांनी निवडलेले 43 टक्के, म्हणजे अल्पमतात. प्रशासकाच्या काळात तर हे तिघेही उपलब्ध नव्हते.

तरीही हरकतींचे वजन पडते. मुंबईच्या 2015च्या प्रारूपावर सुमारे 65 हजार हरकती आल्या. लोकसंख्येच्या मानाने त्या जेमतेम 0.5 टक्के, पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी ते प्रारूप रद्द करायला लावले. पुण्यात जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 2013मध्ये सुमारे 87 हजार आल्या, शहराच्या 31.24 लाख लोकसंख्येशी ताडल्यास 2.8 टक्के. मुंबईचा दर मालवणला लावला तर हरकती होतात 97, पुण्याचा लावला तर सुमारे 520. सात जणांच्या समितीला त्या आठवडाभरात ऐकून संपवता येतील.