थरांमधली भीती आणि उत्साह

२०१२ साली ठाण्याच्या दहीहंडीत जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकानं नऊ थर लावले. उंची भरली ४३.७९ फूट आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. पण थर चढत असताना गोविंदांच्या शरीरात जे घडतं, ते मला त्या उंचीपेक्षाही थक्क करणारं वाटतं.

सगळ्यात खालच्या थरातला गडी पाहा. हात शेजाऱ्याच्या खांद्यात घट्ट गुंतवलेले, मान खाली, पाठीवरून पाणी निथळतंय. वर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. ते खांद्यावरचा भार आणि पावलांची चुळबुळ सांगते. पाचवा-सहावा थर उभा राहिला की त्याच्या पोटऱ्या थरथरू लागतात. स्नायू थकलेले असतातच, त्यात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. छाती धडधडते, यकृत साखर मोकळी करतं, पचनसंस्थेकडचं रक्त हातापायांकडे वळतं, तळहात घामेजतात. शरीर पळायला किंवा भिडायला सज्ज झालेलं असतं. तरीही हा गडी जागचा हलत नाही. तो हलला तर वरचे सगळे खाली येतील, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मग भीती आधी की धडधड आधी? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये उलटंच उत्तर दिलं: घाबरतो म्हणून आपण थरथरत नाही, थरथरतो म्हणून घाबरतो. शरीरातला बदल जाणवणं, हीच भावना. वॉल्टर कॅनन यांनी १९२७ मध्ये त्यावर बोट ठेवलं. राग असो, भीती असो, छातीची धडधड तीच. मग निव्वळ धडधडीवरून माणसाला फरक कसा कळणार? त्याआधी, १९२४ मध्ये, स्पेनचे डॉक्टर ग्रेगोरिओ मारान्योन यांनी रुग्णांना अ‍ॅड्रेनॅलिन टोचून पाहिलं होतं. बहुतेकांना फक्त शारीरिक बदल जाणवले. काही म्हणाले, घाबरल्यासारखं वाटतंय, पण भीती अशी नाही. शरीर पूर्ण तयार होतं, पण कशासाठी ते ठरलेलंच नव्हतं.

आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हे फार बारकाईनं टिपलेलं आहे. घाम, रोमांच, कंप, अश्रू अशा आठ सात्त्विक भावांची तिथं यादी आहे, आणि एकच कंप थंडीनं, भयानं, हर्षानं किंवा रागानंही येतो असं सांगितलं आहे. शिवाय उत्साह हा भयापासून वेगळा, स्वतंत्र स्थायीभाव मानला असून त्यातूनच वीररस उभा राहतो. डच मानसशास्त्रज्ञ निको फ्रायडा यांनी १९८६ मध्ये भावनेला ‘कृतीची सज्जता’ म्हटलं. माझ्या मते थरातल्या गड्याकडे पाहिलं की या दोन्ही गोष्टी एकदम पटतात. त्याच्या पोटऱ्यांतला कंप भीतीचाही असेल, पण हंडीचं ध्येय डोळ्यांसमोर असल्यानं तीच ताकद पळण्याऐवजी खांदा धरून ठेवण्यात खर्ची पडते.

याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मराठी माणसांपर्यंत पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. भावना मुळापासून खुडून टाकावी असं ही पद्धती म्हणत नाही. ती भावना आपल्याला ध्येयाकडे नेते की वाटेत अडवते, एवढंच तपासायला सांगते. पेपराची चिंता माणसाला गोठवते, पेपराची काळजी त्याला अभ्यासाला बसवते.

अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणाआधी ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणारे सरस बोलले. तेव्हा ठाण्या-कल्याणच्या पालकांना एकच विनंती: परीक्षेच्या सकाळी पोराचे हात गार पडले, तर ‘घाबरू नकोस’ म्हणू नका. शरीर कामाला लागलंय, असं त्याला सांगा आणि पहिला प्रश्न कोणता सोडवणार ते विचारा.