ताण मोजण्याचा गज खरा आहे का?

कापडाच्या धंद्यात आम्हाला पहिली शिकवण मिळाली ती ही की, माल मोजण्याआधी गज तपासावा. गज खोटा असेल तर गिऱ्हाईक तरी बुडते, नाहीतर दुकानदार तरी. माणसाच्या मनावरील कामाचा ताण मोजतानाही हेच खरे आहे.

ताण मोजण्यासाठी छापील प्रश्नावल्या वापरतात. त्यातील पुष्कळशा इंग्रजीत तयार झालेल्या आहेत. अमेरिकेतील ‘वर्कप्लेस स्ट्रेस स्केल’मध्ये ८ विधाने आहेत. प्रत्येकास १ ते ५ गुण, म्हणजे बेरीज ८ ते ४०. बेरीज जितकी मोठी तितका ताण अधिक. त्यातील ३ विधाने मात्र चांगल्या गोष्टींची आहेत. कामावर आपले पुरेसे नियंत्रण असणे ही त्यांपैकी एक. तेथे गुण उलटे धरावे लागतात.

समजा, अशी प्रश्नावली पेण व रोह्याच्या सरकारी रुग्णालयांतील परिचारिका, वॉर्डातील आया आणि वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या आशा स्वयंसेविकांना द्यायची आहे. नुसते भाषांतर पुरेल काय? आम्ही उर्दू शाळेत शिकलो. उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामे. एकदा सवयीने आम्ही नोकराला म्हणालो, “खोका खाली कर.” त्याने खोका फळीवरून उतरवून जमिनीवर ठेवला! शब्द तोच, अर्थ दुसरा.

दुकानात असे झाले तर हसून सोडता येते, कागदावर नाही. आमच्या नात्यातील एक मुलगी परिचारिका आहे. तिला असाच एक फॉर्म भरायला दिला होता. ‘कामावर नियंत्रण’ याचा अर्थ तिने ‘साहेबांचे आपल्यावर नियंत्रण’ असा घेतला व ‘नेहमी’वर खूण केली. गुण उलटे धरल्यावर तिचा ताण सर्वांत कमी ठरला. म्हणजे जाच जितका जास्त, तितकी ती कागदावर सुखी! अशा कागदांवरून रिकाम्या जागा भरायच्या की नाही हे ठरू लागले, तर काय होईल?

म्हणून भाषांतर पारखण्याची रीत ठरलेली आहे. दोन जाणकार वेगवेगळे भाषांतर करतात व ती जुळवून एक मसुदा होतो. मूळ कागद न पाहिलेला तिसरा माणूस तो पुन्हा इंग्रजीत नेतो. फरक पडला तर शब्द बदलतात. मग थोड्या कर्मचाऱ्यांना विचारतात, “या वाक्याचा अर्थ तुम्ही काय घेतला?” येथे खऱ्या चुका सापडतात. २००५ नंतर आलेल्या आशा सेविकेला ठरावीक पगार नसून कामागणिक मोबदला असतो. तिला ‘पगार’ विचारून काय उपयोग?

यानंतर मोठ्या गटाकडून कागद भरून घेतात. सर्व प्रश्न एकाच दिशेने बोलतात का, हे १९५१ साली ली क्रॉनबॅक यांनी मांडलेल्या ‘अल्फा’ या आकड्याने पाहतात. ०.७० च्या वर असल्यास साधारणपणे चालते. काही दिवसांनी त्याच माणसांना पुन्हा विचारून उत्तरे जुळतात का, तेही पाहतात.

पण येथे एक मेख आहे. ३६ इंचांच्या गजातून इंचभर कापला, तर तो दर वेळी सारखेच माप देईल, आणि दर वेळी खोटे. म्हणून माप स्थिर असणे वेगळे आणि खरे असणे वेगळे. खरेपणा पाहण्यासाठी आधी पारखलेल्या दुसऱ्या प्रश्नावलीशी ताळा घेतात. सलग रात्रपाळी करणारी आणि सोप्या कामावरची यांच्या गुणांत फरक दिसतो का, हेही तपासतात.

व्यापारी बंधूंनी यातून काय घ्यावे? आपल्याकडेही सणासुदीला शिलाई कारागीर व दुकानातील मुले थकतात. त्यांना विचारायचे तर त्यांच्याच बोलीत विचारा, नाव लिहून घेऊ नका आणि कागद मालकाने स्वतः गोळा करू नयेत. मालक समोर उभा असला की, सर्वांचे उत्तर एकच असते, “सगळे ठीक आहे, शेठ.”