बॉन्डाय ते कूजी: 6 किलोमीटरची सुंदर पायवाट, पण शांत दिसणारं पाणी धोकादायक का?

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीमध्ये बॉन्डाय बीचपासून कूजी बीचपर्यंत समुद्रकड्यांच्या काठाने एक पायवाट जाते. अंतर साधारण 6 किलोमीटर. रमतगमत चाललं तर दोन ते तीन तास लागतात. तिकीट नाही.

वाटेत काय लागतं?

बॉन्डायनंतर टॅमरामा, ब्रॉन्टी, क्लोव्हेली, गॉर्डन्स बे आणि शेवटी कूजी. ब्रॉन्टीच्या पुढे 1877 मध्ये सुरू झालेली वेव्हर्ली दफनभूमी आहे. लेखक हेन्री लॉसन यांची कबर इथेच आहे.

इथले कडे वालुकाश्माचे आहेत. खडक जिथे कमकुवत होता तिथे झिजून छोटे उपसागर तयार झाले, टणक भाग सुळक्यासारखे समुद्रात उरले. म्हणून दर वळणावर नवा किनारा दिसतो.

मग धोका कुठे आहे?

लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. ते एका अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढलं जातं. यालाच 'रिप करंट' म्हणतात. या पट्ट्यात लाटा कमी फुटतात आणि पाणी गडद दिसतं. त्यामुळे नवख्या माणसाला तीच जागा पोहायला सुरक्षित वाटते.

टॅमरामाचा किनारा अगदी लहान आहे, पण दोन्ही बाजूंच्या खडकांमुळे तिथे असे प्रवाह वारंवार तयार होतात. क्लोव्हेलीची खाडी लांब आणि अरुंद असल्याने तिथलं पाणी बहुतेकदा शांत असतं.

6 फेब्रुवारी 1938 रोजी बॉन्डायला एकामागोमाग आलेल्या मोठ्या लाटांनी शेकडो लोकांना आत ओढलं. जीवरक्षकांनी बहुतेकांना वाचवलं, तरी 5 जणांचा मृत्यू झाला. हा दिवस 'ब्लॅक संडे' म्हणून ओळखला जातो.

काय लक्षात ठेवाल?

- लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहा. झेंडे नसतील तर पाण्यात उतरू नका.
- प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दम संपतो. तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा.
- पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जात प्रवाहाबाहेर पडा.

असे प्रवाह कोकणातही तयार होतात. गोव्यातले जीवरक्षकही लाल-पिवळे झेंडेच लावतात. त्यामुळे सिडनीला जायचं नसलं, तरी हा नियम उपयोगाचा आहे.