विस्मृतीची वंशावळ : डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांची चार दशकांची साधना

व्यापारी घराण्याचा हिशोब दोन ठिकाणी जपला जातो : पेढीच्या चोपड्यात आणि वडीलधाऱ्यांच्या स्मरणात. कोणाची सोयरीक कोठे झाली, कोणत्या गावची उधारी कधी फिटली, पडत्या काळात कोण पाठीशी उभे राहिले, हे आजोबा कागद न पाहता सांगतात. ही स्मरणाची वही ऐन पंचेचाळिशीत कोरी होऊ लागली, आणि जे बापाचे झाले तेच मुलाच्याही वाट्यास आले, तर त्या घराने काय करावे?

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात आंतियोकिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील काही घराण्यांवर हे संकट पिढ्यान्‌पिढ्या कोसळत आले. लोक त्यास ‘ला बोबेरा’, म्हणजे खुळेपणा, म्हणत. कोणी शाप मानी, कोणी चेटूक. त्याच प्रांतात 1951 साली जन्मलेल्या डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी या खुळेपणाचे खरे नाव शोधण्यात आयुष्य वेचले.

मेडेलिन शहरातील आंतियोकिया विद्यापीठात ते मेंदूविकारांचे शिक्षण घेत होते. 1980 च्या दशकाच्या प्रारंभी त्यांच्यापुढे पन्नाशीही न गाठलेला एक शेतकरी आणण्यात आला. त्याची स्मृती पार ढासळली होती. चौकशी करता वडील, आजोबा आणि भावंडे यांचीही तीच कथा निघाली. लोपेरा त्या रुग्णाच्या गावी गेले आणि वंशावळ मांडू लागले. चर्चमधील बाप्तिस्म्याच्या व विवाहांच्या जुन्या नोंदी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी धुंडाळल्या. जी घराणी परस्परांना परकी वाटत होती, त्यांचे मूळ एकच निघाले. पुढे ही यादी 25 कुटुंबे आणि सुमारे 6000 नातलग इतकी विस्तारली.

तो काळ कोलंबियात बंडखोर, निमलष्करी टोळ्या आणि अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांच्या हिंसाचाराचा होता. खेड्यापाड्यांत रक्ताचे नमुने गोळा करीत फिरणे जिवावरचे काम होते. त्यांच्या पथकातील एका परिचारिकेस बंडखोरांनी काही दिवस डांबूनही ठेवले. तरीही काम थांबले नाही.

1995 साली कारण सापडले. चौदाव्या गुणसूत्रावरील ‘प्रेसेनिलिन 1’ या जनुकात एकाच ठिकाणी बदल झालेला होता. हा बदल असलेल्या माता किंवा पित्याच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. ज्यास तो मिळाला, त्याच्या स्मृतीस साधारण चव्वेचाळिसाव्या वर्षी गळती लागते आणि एकोणपन्नासच्या सुमारास पूर्ण स्मृतिभ्रंश होतो. शापाचे कोडे उलगडले. त्याबरोबरच त्या घरांतील तरुणांपुढे एक दारुण प्रश्न उभा राहिला : आपल्या भाग्यात काय आहे, हे जाणून घ्यावे की न घ्यावे?

या प्रश्नाचा मान राखून 2013 मध्ये औषधाची चाचणी सुरू झाली. 252 जण सहभागी झाले. त्यांत दोष नसलेलेही मुद्दाम घेतले होते. त्यामुळे केवळ सहभागावरून कोणासही आपले भवितव्य कळत नव्हते. कित्येक वर्षे त्यांनी निष्ठेने औषध घेतले. 2022 साली निकाल आला : औषधाचा स्पष्ट लाभ दिसून आला नाही.

मात्र याच कुटुंबांतून आशेचा वेगळा किरण मिळाला होता. एका स्त्रीत तो घातक दोष असूनही सत्तरीपर्यंत तिची बुद्धी शाबूत राहिली. अपेक्षेहून जवळजवळ तीस वर्षे अधिक! 2019 मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. तिच्या मेंदूत अमिलॉइड नावाचे प्रथिन भरपूर साचले होते, पण पेशींचा नाश करणारे टाऊ प्रथिनाचे गुंते थोडेच होते. दुसऱ्या एका जनुकातील दुर्मीळ बदलाने तिचे रक्षण केले असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे. तोच बदल एकेरी असलेल्या 27 नातलगांतही रोग सुमारे पाच वर्षे उशिरा आला, असे 2024 साली दिसून आले. आता तसाच परिणाम औषधाने साधता येईल का, याचा शोध चालू आहे. ती स्त्री 2020 साली वारली. तिचा मेंदू कुटुंबाने संशोधनास दान केला. या घराण्यांतील इतर अनेकांनीही असेच दान केले आहे.

डॉ. लोपेरा सप्टेंबर 2024 मध्ये निवर्तले. रोगावरील उपाय त्यांना पाहता आला नाही. परंतु ज्यांना लोक खुळे म्हणून हिणवीत, ते रुग्ण आहेत हे त्यांनी सिद्ध केले, आणि त्यांच्या आप्तांना संशोधनाचे भागीदार केले.

आपल्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. पहिली : असा घराण्यात उतरणारा अल्झायमर अत्यंत विरळ असतो. बहुतेकांना हा रोग उतारवयात होतो आणि त्यामागे एकच एक जनुक नसते. म्हणून आजोबांना विस्मरण झाले, हे सोयरिकीच्या भीतीने झाकून ठेवण्याचे कारण नाही. दुसरी : चोपड्यात वारंवार चुका होऊ लागल्या, तोच प्रश्न दहादा विचारला जाऊ लागला, ओळखीची वाट चुकू लागली, तर ‘आता वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये आणि चिडूही नये. वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. काही वेळा विस्मरणाचे कारण थायरॉइड किंवा ब जीवनसत्त्वाची उणीव असे साधेच निघते.

आपल्या धर्मात वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे अभ्यंतर तप मानले आहे. ज्यास आपले नावही आठवत नाही, त्याची सेवा करताना कृतज्ञतेचा एक शब्दही परत मिळत नाही. म्हणूनच या तपाची कसोटी तेथे लागते. त्यांनी आपल्याला विसरणे हा त्यांच्या रोगाचा भाग आहे; आपण त्यांना न विसरणे हे मात्र आपल्या हाती आहे.