जलसंजीवनी आणि पेशीचे दार

मुलाला जुलाब लागले की त्याचे पाणी तोडायचे, ही पद्धत आपल्याकडील काही घरांतून अजून गेलेली नाही. पाणी पाजले तर जुलाब वाढतील, ही भीती. ही भीती खोटी का, हे कळण्यासाठी आतड्यातील पेशीकडे पाहावे लागते. आमच्या विद्यार्थी मित्रांना हा भाग पुस्तकात भेटतोच; घरातल्या मोठ्यांनीही तो वाचावा.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ पडदा असतो. प्राणवायू त्यातून सहज आरपार जातो. मीठ व साखर यांना मात्र तो अडवतो. त्यांच्यासाठी पडद्यात प्रथिनांची दारे असतात. (पेशीतील केंद्रकाच्या आवरणालाही रंध्रे आहेत, लहान रेणू त्यांतून सहज जातात, मोठ्या प्रथिनांना ओळखीची खूण लागते. तो वेगळा विषय.) पाण्याचे म्हणाल तर जिकडे विरघळलेले कण जास्त, तिकडे ते ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात.

आतड्याच्या पेशीतील एक दार मोठे चमत्कारिक आहे. सोडियमचे दोन आयन सोबत असतील तरच ते ग्लुकोजचा एक रेणू आत घेते. पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप ऊर्जा खर्चून सोडियम सतत बाहेर, रक्ताच्या दिशेने टाकत असतो. म्हणून पेशीत सोडियमची उणीव राहते आणि दाराला ओढ मिळते. मीठ-साखरेच्या मागोमाग पाणीही शरीरात जाते. मीठ-साखरेची ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली.

कॉलऱ्याचे विष पेशीतून क्लोराइड बाहेर सोडायला लावते. त्यामागे सोडियम आणि पाणी वाहून जाते. नुसते पाणी पाजून ही तूट भरून निघत नाही. पण वरील जोडीचे दार हे विष बंद करू शकत नाही! १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. सुमारे ३० टक्क्यांवरचे मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२२ साली त्यांचे निधन झाले. पद्मविभूषण मिळाले ते त्यानंतर, २०२३ साली. फार उशीर झाला, असे आम्हांस वाटते.

जलसंजीवनीचे पाकीट मिळाले तर उत्तम. नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. गोड लागावे म्हणून साखर वाढवू नये; जास्तीची साखर परासरणाने उलट आतड्यातच पाणी ओढते. द्रावण चोवीस तासांनी फेकून द्यावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठावा.