बंदर बुडालं ते कशाने?

हैदराबादच्या इतिहासात मछलीपट्टण येतं ते गोवळकोंड्याचं बंदर म्हणून. कुतुबशाहीचा समुद्राकडचा दरवाजाच तो. तिथलं कलमकारी कापड, हिऱ्यांचा व्यापार, इराणी सौदागर यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पण १ नोव्हेंबर १८६४ च्या रात्री तिथे एका वादळात सुमारे ३०,००० माणसं गेली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

वादळ म्हटलं की आपल्याला उडालेली छपरं नि आडवे झालेले ताड दिसतात. माणसं मेली ती मात्र बहुतेक बुडून. मूळचा इंजिनियर असल्यामुळे मी आधी पाण्याचा हिशेब मांडतो.

ऐन पावसाळ्यात खालचे वारे एका दिशेला आणि उंचावरचे उलट दिशेला जोरात वाहतात, त्यामुळे वादळाचा खांब उभा राहण्याआधीच मोडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ही ओढाताण कमी होते आणि बंगालचा उपसागर अजून उबदार असतो. वादळ पश्चिमेकडे सरकत किनाऱ्याला भिडलं, की केंद्राच्या उत्तरेकडचा वारा समुद्राचं पाणी जमिनीवर लोटतो. केंद्रातला हवेचा दाब उतरल्याने पाणी थोडं चढतंच, पण एका मिलिबारला फक्त सेंटिमीटरभर. खरा मारा वाऱ्याच्या लोटण्याचा. आणि इथे खोली महत्त्वाची: वारा तेवढाच असला तरी समुद्र निम्मा उथळ झाला, की पाण्याचा चढ साधारण दुप्पट होतो.

आता मछलीपट्टणची जुनी वर्णनं आठवा. समुद्र इतका उथळ, की मोठी जहाजं काही मैल बाहेरच नांगर टाकत. माल होड्यांनी किनाऱ्याला येई. व्यापाऱ्यांना जाचणारा हा उथळपणाच त्या रात्री घातक ठरला. वर कृष्णेच्या मुखाजवळची सपाट जमीन! पाणी मैलोन्‌मैल आत शिरलं.

बंदर या वादळाने संपलं असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. मोठा व्यापार त्याआधीच मद्रासकडे गेला होता. वादळाने मारली ती माणसं.

त्याच साली ५ ऑक्टोबरला कलकत्त्यालाही असंच वादळ धडकलं होतं. देशात तारयंत्र होतं, पण जागोजागचं हवामान एकत्र करून किनाऱ्याला कळवणारं देशभराचं खातं नव्हतं. ते १८७५ साली निघालं.

खातं निघून शंभर वर्षं उलटली, तरी १९ नोव्हेंबर १९७७ ला बंदरच्या दक्षिणेला दिवीसीमेत पुन्हा समुद्र आत आला नि हजारो माणसं बुडाली. त्यानंतर आंध्रच्या किनाऱ्यावर वादळ-निवारे बांधले गेले. त्यांतले कित्येक खांबांवर उभे आहेत, म्हणजे पाणी खालून निघून जावं.